हॅम रेडिओचं लायसन्स: बटण दाबण्याआधी या अटी माहीत हव्यात

काही वर्षांपूर्वी ट्रेकला जाताना मित्राने ऑनलाइन मागवलेला एक हँडसेट मी सोबत घेतला होता. गडावर मोबाईलला रेंज नव्हती, पण त्या सेटवर दोन जणांच्या मराठीत गप्पा चालू होत्या. मी उत्साहात बटण दाबलं आणि म्हणालो, "हॅलो, मीपण ऐकतोय!" पलीकडून एकच प्रश्न आला, "तुमचा कॉल साइन?" मी विचारलं, "तो काय असतो?" त्यानंतर कोणी काही बोललंच नाही.

तेव्हा वाटलं, काय शिष्ट माणसं आहेत! नंतर नियम वाचले तेव्हा कळलं की चूक माझीच होती. लायसन्स नसलेल्या स्टेशनशी बोलायची त्यांना परवानगीच नसते. तुम्ही माझ्यासारखी चूक करू नये म्हणून हा लेख.

हॅम रेडिओ म्हणजे काय?

हौसेखातर, शिकण्यासाठी आणि प्रयोगांसाठी चालवलेला रेडिओ म्हणजे अमॅच्युअर किंवा हॅम रेडिओ. यात टॉवर नाही, सिमकार्ड नाही, रिचार्ज नाही. तुमचा सेट, तुमची अँटेना आणि समोरचा माणूस, एवढंच. भारतात हे सगळं 1978 च्या अमॅच्युअर सेवा नियमांनुसार चालत आलं आहे. लायसन्स केंद्र सरकारच्या दूरसंचार विभागाची डब्ल्यूपीसी शाखा देते.

लायसन्स कशाला लागतं?

मोबाईल वापरताना स्पेक्ट्रमची परवानगी कंपनीने घेतलेली असते, म्हणून आपल्याला काही विचारलं जात नाही. हॅममध्ये लहरी तुम्ही स्वतः हवेत सोडता. सेटिंग चुकलं तर विमानतळाच्या, पोलिसांच्या किंवा इतर कोणाच्या संपर्कात अडथळा येऊ शकतो. म्हणून वापरायलाच नाही, तर असा सेट जवळ बाळगायलाही परवानगी लागते. 1933 च्या वायरलेस कायद्यात ही अट होती आणि 2023 च्या दूरसंचार कायद्यातही आहे.

"पण साइटवर तर सरळ विकायला आहे!" असं तुम्ही म्हणाल. विकायला आहे म्हणजे वापरायला मोकळं आहे, असं नाही. 2025 मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने याच कारणावरून ई-कॉमर्स साइट्सना नोटिसा दिल्या आणि वॉकी-टॉकीच्या विक्रीसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. फक्त मित्रांशी बोलायचं असेल, तर 446.0 ते 446.2 मेगाहर्ट्झमधले कमी ताकदीचे, मंजुरी असलेले सेट लायसन्सशिवाय चालतात. हॅमचे बँड त्यात येत नाहीत.

लायसन्स कोणाला मिळतं?

वय किमान 12 वर्षं हवं. परीक्षेचे दोन भाग असतात: रेडिओचं तंत्र आणि नियम. ग्रेडही दोन आहेत.

- रिस्ट्रिक्टेड: मोर्सची परीक्षा नाही. 30 मेगाहर्ट्झच्या खालच्या बँडवर 50 वॉटपर्यंत ताकद. कॉल साइन व्हीयू3 ने सुरू होतो.
- जनरल: मिनिटाला 8 शब्द या वेगाने मोर्स यावा लागतो. त्याच बँडवर 400 वॉटपर्यंत ताकद. कॉल साइन व्हीयू2 ने सुरू होतो.

अर्ज 'सरल संचार' या सरकारी पोर्टलवर करायचा. पास झालात तरी लगेच ऑन एअर जायचं नाही. आधी पडताळणी होते, मग लायसन्स आणि कॉल साइन येतो. 20 वर्षांसाठी 1000 रुपये आणि आजीवन 2000 रुपये अशी फी ठरवलेली आहे. फी आणि नियम बदलू शकतात, म्हणून अर्ज भरताना पोर्टलवर एकदा बघून घ्या.

लायसन्स मिळाल्यावर काय पाळायचं?

1. ओळख सांगायची. संभाषणाच्या सुरुवातीला, शेवटी आणि लांबलं तर मध्येही कॉल साइन बोलायचा. इथे टोपणनावाचं फेक अकाउंट चालत नाही.

2. सगळं उघड बोलायचं. मराठीत बोला, हरकत नाही, पण सांकेतिक भाषा किंवा एन्क्रिप्शन नाही. व्हॉट्सअॅपच्या सवयीमुळे हे विचित्र वाटतं. पण तुमचं बोलणं कोणीही ऐकू शकतं हे धरूनच बोलायचं. ओटीपी, पत्ता, घरगुती भांडणं हवेत सोडू नका.

3. धंदा नाही. डिलिव्हरी, दुकान, इव्हेंट, प्रचार यासाठी हॅम वापरता येत नाही. गाणी लावणं किंवा रेडिओ चॅनेलसारखे कार्यक्रम करणंही बंद.

4. दुसऱ्याचे निरोप नाहीत. "माझ्या भावाला सांग ना" हे नेहमीच्या दिवशी चालत नाही. भूकंप, पूर, वादळ अशा आपत्तीत मात्र सूट आहे.

5. आपल्या बँडमध्येच राहायचं. उदाहरणार्थ, भारतात व्हीएचएफवर 144 ते 146 मेगाहर्ट्झ हा हॅमचा पट्टा आहे. सेट त्याच्या बाहेर जाऊ शकतो, तुम्ही जायचं नाही.

6. लॉगबुक ठेवायचं. तारीख, वेळ, फ्रिक्वेन्सी, कोणाशी बोललो याची नोंद. स्टेशनचा पत्ता बदलला तर तेही कळवायचं.

एवढी शिस्त कशासाठी?

2001 च्या भूजच्या भूकंपात फोन बंद पडले होते, तेव्हा हॅम ऑपरेटर्सनी तिथून निरोप पोहोचवले. डिसेंबर 2004 मध्ये त्सुनामी आली तेव्हा भारती प्रसाद आणि त्यांची टीम हॅमसाठीच अंदमानात होती. बेटांवरच्या लोकांची खुशाली त्यांच्या रेडिओवरून घरच्यांना कळत होती. अशा वेळी कोण बोलतंय हे माहीत असणं आणि फ्रिक्वेन्सीवर गोंधळ नसणं, यावर कोणाचा तरी जीव अवलंबून असतो. ती सवय रोजच्या गप्पांतच लागते. गडावर त्या दोघांनी माझ्याशी न बोलणं हा त्याच सवयीचा भाग होता.

सुरुवात कुठून करायची?

आधी ऐका. नेदरलँड्समधल्या ट्वेंटे विद्यापीठाचा वेबएसडीआर फोनच्या ब्राउझरवर उघडतो. त्यावर युरोपातले हॅम कसे बोलतात ते फुकट ऐकता येतं. इकोलिंक हे अॅप मात्र लायसन्स तपासल्याशिवाय आत घेत नाही. मग जवळचा हॅम क्लब शोधा, परीक्षेची तयारी करा आणि सेट सगळ्यात शेवटी घ्या. मी उलट क्रमाने गेलो. म्हणून हातात सेट असूनही "तुमचा कॉल साइन?" याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं.