संघनायकाची कुळकथा

बंगळुरूच्या कॅन्टोन्मेंट भागातली बिशप कॉटन बॉईज ही १८६५ सालची शाळा. कॅप्टन टी. एच. बेकर यांनी १९०९ मध्ये तिथे मुलांचं एक पथक उभं केलं आणि भारतातली स्काउट चळवळ सुरू झाली. लंडनमध्ये ‘स्काउटिंग फॉर बॉइज’ हे पुस्तक पाक्षिक हप्त्यांनी निघून जेमतेम वर्ष झालं होतं. छावणीतल्या गोऱ्या वस्तीला विलायतेतलं नवं खूळ पोचायला वेळ लागत नसे.

खरं तर या खुळाचं मूळ बरंचसं आपल्याकडचंच. पुस्तकाचे कर्ते रॉबर्ट बेडन-पॉवेल १८७६ मध्ये तरुण अधिकारी म्हणून लखनौला उतरले होते. पुढे मेरठला पलटणीचे प्रमुख असताना त्यांनी निवडक शिपायांना लहान-लहान टोळ्यांत टेहळणी शिकवली आणि तयार झालेल्यांना कमळासारख्या फुलाचा बिल्ला दिला. हाच बिल्ला नंतर स्काउटांचं चिन्ह झाला. पुढे दक्षिण आफ्रिकेत ते मॅफेकिंगला असताना गावाला २१७ दिवसांचा वेढा पडला, तेव्हा निरोप पोचवण्याचं काम मिसरूड न फुटलेल्या पोरांवर सोपवलं गेलं आणि पोरांनी ते चोख केलं.

ऑगस्ट १९०७ मध्ये ब्राउनसी बेटावर वीसेक मुलांचं शिबिर भरलं, तेव्हा हीच टोळीची पद्धत मुलांना लावली गेली. लांडगे, बैल, डोमकावळे आणि कुरव असे चार संघ. प्रत्येकाच्या खांद्यावर लोकरीची रंगीत गाठ : लांडग्यांची निळी, बैलांची हिरवी, डोमकावळ्यांची लाल, कुरवांची पिवळी. आणि प्रत्येक संघाचा नायक त्यांच्यातलाच एक मुलगा.

गणवेश, कवायत यात नवं काही नव्हतं. ब्रिटनमधल्या बॉईज ब्रिगेडकडे ते आधीपासून होतं. नवा होता तो हा नायक. मास्तरांनी बाजूला व्हायचं आणि सहा-सात मुलांची जबाबदारी त्यांच्याच वयाच्या पोरावर टाकायची, ही त्या काळी धाडसाचीच गोष्ट.

मात्र हा विश्वास सुरुवातीला फक्त गोऱ्या आणि अँग्लो-इंडियन मुलांवर होता. पथकांत भारतीय मुलांना मज्जाव होता. गुलामांच्या पोरांना नेतृत्व शिकवलं तर ते कोणाविरुद्ध वापरतील, हे ओळखायला सरकार तेवढं हुशार होतं.

मग भारतीय मुलांसाठी वेगळी दारं उघडली गेली. नागपूरला वकिली करणारे आणि पुढे सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती झालेले व्हिव्हियन बोस यांनी मध्य प्रांतात भारतीय मुलांना स्काउट केलं. मद्रासेत अ‍ॅनी बेझंट आणि जॉर्ज अरुंडेल यांनी वेगळी संघटना काढून हॅटऐवजी फेटा आणला. उत्तरेत मदनमोहन मालवीयांच्या सेवा समितीची पथकं श्रीराम बाजपेयी आणि हृदयनाथ कुंझरू यांनी वाढवली. हे दोघेही गोखल्यांच्या भारत सेवक समाजाचे, म्हणजे धागा पुण्यापर्यंत येतो. त्यांची मुलं कुंभमेळ्यात हरवलेल्यांना घरच्यांपर्यंत पोचवत.

१९२१ मध्ये बेडन-पॉवेल भारतात आले आणि बेझंटबाईंची संघटना मूळ चळवळीत सामील झाली. सेवा समिती मात्र बाहेरच राहिली. पुढे १९३७च्या सुमारास खुद्द संस्थापकांनी भारतीयांच्या चारित्र्याबद्दल अपमानकारक उद्गार काढले. चारित्र्य घडवायला निघालेल्या माणसाला हे शोभलं नाही. संतापाची लाट उठली आणि १९३८ मध्ये हिंदुस्तान स्काउट असोसिएशन स्थापन झाली. सगळे वाद मिटून ७ नोव्हेंबर १९५० रोजी भारत स्काउट्स आणि गाइड्स ही संस्था झाली. पुढच्या वर्षी मुलींची गाइड संघटनाही तीत आली. स्काउटांच्या शपथेतला राजा गेला, तिथे देश आला.

एवढ्या उलथापालथीत संघनायकाला कोणीच हात लावला नाही. आजही शिबिरात तंबूच्या दोऱ्या ताणणं, बांबू आणि सुतळीनं चपलांचा स्टँड बांधणं, भांडी कोणी घासायची याची पाळी लावणं ही कामं त्याच्याकडे किंवा तिच्याकडेच असतात. सुतळीची गाठ सुटून स्टँड कलंडला तरी स्काउटमास्तर सहसा पुढे होत नाहीत. नायकांची ‘कोर्ट ऑफ ऑनर’ नावाची बैठक भरते; त्यात पथकाचे बेत ठरतात, चुकारांचा निवाडा होतो. स्काउटमास्तर तिथे बसतात ते सल्ला देण्यापुरते, निर्णय मुलं घेतात.