हातगुण आणि हिशेब

मंडळी, तालुक्याच्या गावी चार डॉक्टर असतात. त्यांतला चांगला कोण, असे बाजारात कुणालाही विचारून पाहा. एकजण म्हणेल, "अमक्याकडे जा, त्याला हातगुण आहे." दुसरा म्हणेल, "त्याच्या दारात सकाळपासून रांग असते, ती काय उगाच?" तिसऱ्याला सुई टोचणारा डॉक्टर आवडतो, आणि अशक्तपणा आहे म्हटले की सलाईन लावणारा तर त्याहून आवडतो. चौथा नुसत्या गोड बोलण्यावर खूश असतो. हातगुण, गर्दी, सुई आणि गोड बोलणे, ही आपली चार मापे. ही मापे खरी किती, हे आज आपण पाहू. त्यासाठी जरा लांब, ब्रिटनमध्ये जावे लागेल. साध्या, कोपऱ्यावरच्या दवाखान्याचे माप काढण्याची खटपट तिथे सत्तरांहून अधिक वर्षे चालू आहे, आणि त्या वाटेवर त्यांना ठेचाही पुष्कळ लागल्या आहेत.

5 जुलै 1948 रोजी ब्रिटनमध्ये राष्ट्रीय आरोग्य सेवा सुरू झाली. प्रत्येकाने आपले नाव जवळच्या एखाद्या डॉक्टरकडे नोंदवायचे, आणि त्या डॉक्टरने तपासण्याचे पैसे घ्यायचे नाहीत, अशी ती योजना. शिक्षक मंडळींना हे चटकन समजेल. शाळेत जसा मुलांचा पट असतो, तसा तिथल्या डॉक्टरकडे माणसांचा पट असतो. आज दवाखान्यात आलेले ती हजेरी. नोंदलेले सारे तो पट. हा फरक ध्यानात ठेवा, पुढे तो कामी येणार आहे.

योजना सुरू झाली, दवाखाने भरून वाहू लागले. पण आत काय चालते, हे कुणी पाहिले होते? जोसेफ कॉलिंग्ज नावाच्या ऑस्ट्रेलियन डॉक्टराने ते पाहायचे ठरवले. तो इंग्लंडमधल्या 55 दवाखान्यांत गेला, डॉक्टरांशेजारी बसला, आणि जे दिसले ते 1950 साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय साप्ताहिकात छापून मोकळा झाला. कारखान्यांच्या वस्तीतले चित्र वाईट होते. कुठे रोग्याला आडवे करून तपासायला धड जागा नाही, कुठे साधनांची वानवा. रोगी आत येतो, दोन शब्द बोलतो, आणि औषधाची चिठ्ठी घेऊन बाहेर पडतो. या दवाखान्यांना गर्दीची वाण नव्हती. तपासणी होत नव्हती म्हणूनच रांग भराभर पुढे सरकत होती! डॉक्टर मंडळी रागावली, वाद झाले. पण त्या खळबळीत सुधारणेचे वारेही वाहू लागले, आणि 1952 साली सामान्य व्यवसायी डॉक्टरांचे स्वतःचे कॉलेज तिथे स्थापन झाले.

म्हणजे गर्दीचे माप फसवे निघाले. मग पाहायचे तरी काय? अमेरिकेत शिकवणारे, बैरुतमध्ये जन्मलेले डॉक्टर ॲव्हेडिस डोनाबेडियन यांनी 1966 साली याची सोपी मांडणी केली. तीन गोष्टी पाहा, म्हणाले. एक, साधने: जागा, माणसे, औषधे, उपकरणे. दोन, कृती: रोग्याला नीट तपासले का, योग्य तेच दिले का. तीन, फळ: माणूस बरा झाला का, जगला का. शेतकऱ्याला हे नवे नाही. बैलजोडी आणि अवजारे चांगली असली म्हणजे मशागत चांगली झालीच असे नाही, आणि पीक घरात येईपर्यंत कुणी हंगामाची बढाई मारत नाही. दवाखान्याच्या बाबतीत मात्र आपण नवी इमारत पाहूनच समाधान मानतो.

आता तिसरी गोष्ट, फळ. ते मोजायचे कसे, हे दक्षिण वेल्समधल्या एका खाणीच्या खेड्यात दिसले. गावाचे नाव ग्लिनकोरग, वस्ती दोन हजारांच्या आतबाहेर. कोळसा काढणारी गरीब माणसे. 1961 पासून तिथे ज्युलियन ट्यूडर हार्ट नावाचे डॉक्टर राहत होते. त्यांना एक गोष्ट खटकली. वाढलेला रक्तदाब दुखत नाही. ज्याला तो आहे, तो माणूस दवाखान्यात येतच नाही. येतो तेव्हा पक्षाघात झालेला असतो. मग हजेरीवर विसंबून काय उपयोग? म्हणून 1968 पासून त्यांनी सारा पट हाती घेतला. कुणी खोकल्यासाठी येवो, कुणी दाखल्यासाठी, त्याचा रक्तदाब मोजायचाच. जे आलेच नाहीत त्यांची नावे काढून त्यांना गाठायचे. हे काम एक-दोन महिने नव्हे, वीसहून अधिक वर्षे चालले. अखेर शेजारच्या, तशाच गरीब गावाशी तुलना केली, तेव्हा ग्लिनकोरगमध्ये अकाली मृत्यूंचे प्रमाण सुमारे 28 टक्क्यांनी कमी आढळले. 1991 साली हा हिशेब प्रसिद्ध झाला.

याच डॉक्टरांनी 1971 साली एक कटू गोष्ट लिहून ठेवली. जिथे आजार जास्त, तिथे चांगली वैद्यकी कमी. जिथे आजार कमी, तिथे ती भरपूर. डोंगरातल्या पाड्यावर राहणाऱ्याला हे कुणी समजावून सांगायला नको.

हार्ट यांनी आणखी एक अवघड काम केले. आपल्या दवाखान्याच्या पटावरचे 500 मृत्यू ओळीने तपासले. हा मृत्यू टळला असता का? चूक कुणाची? रोग्याची, इस्पितळाची की आमची? आणि स्वतःच्या दवाखान्याच्या वाट्याला आलेल्या चुकाही 1987 साली छापून दिल्या.

हे विशेष का, ते याच देशातल्या दुसऱ्या एका दवाखान्यावरून कळते. मँचेस्टरजवळ हाईड नावाचे गाव आहे. तिथे हॅरॉल्ड शिपमन हा डॉक्टर एकट्याने दवाखाना चालवी. घरी येऊन पाही, म्हाताऱ्याकोताऱ्यांची विचारपूस करी. लोकांचा तो फार आवडता. त्याच्या पटावर नाव लागावे म्हणून लोक वाट पाहत. आणि हाच माणूस रोग्यांना अफूजन्य औषधाची सुई टोचून मारीत होता. जानेवारी 2000 मध्ये 15 खुनांबद्दल त्याला जन्मठेप झाली. पुढे सरकारी चौकशीत बळींचा आकडा 215 निघाला; पहिला मृत्यू 1975 सालचा, शेवटचा 1998 चा. इतकी वर्षे हे कळले कसे नाही? त्याच्या पटावरचे मृत्यू शेजारच्या दवाखान्यांशी ताडून पाहण्याची कुणाची रीतच नव्हती. मार्च 1998 मध्ये शेजारच्या दवाखान्यातल्या एका डॉक्टरबाईंना दहनाच्या कागदांवर सह्या करता करता शंका आली. त्यांनी ती वर कळवली. पोलिसांची पहिली चौकशी वरवरची झाली, काही निष्पन्न झाले नाही, आणि त्यानंतर आणखी तिघींचा बळी गेला.

असा डॉक्टर लाखांत एखादा. त्याच्यावरून कुणावर संशय घेऊ नका. पण गोड बोलण्याचे माप किती तोकडे आहे, ते यातून पुरते कळते.

आपल्याकडे असे कुणी केले आहे का? केले आहे. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी 1986 साली 'सर्च' ही संस्था काढली. तिथे तान्ही मुले घरातच जन्मत आणि घरातच जात. दवाखान्याच्या वहीत ना जन्म, ना मृत्यू. तेव्हा त्यांनी दवाखान्याची वही मिटून गावाची वही उघडली. गावागावांतला प्रत्येक जन्म आणि प्रत्येक मृत्यू नोंदला. मग 39 गावांत गावातल्याच बायकांना 'आरोग्यदूत' म्हणून शिकवले: बाळाचे वजन करणे, त्याला ऊब देणे, जंतुदोष ओळखून औषध देणे. शेजारची 47 गावे तुलनेसाठी होती. तिसऱ्या वर्षी नवजात बालकांचे मृत्यू, त्या गावांच्या तुलनेत, 62 टक्क्यांनी घटले. 1999 साली हेही 'लॅन्सेट'मध्ये आले. ग्लिनकोरग आणि गडचिरोली यांत हजारो कोसांचे अंतर. पण दोघांनी एकच केले. जे दारात आले नाहीत त्यांनाही मोजले.

आता तुम्ही म्हणाल, आम्ही काय करावे? आकड्यांनी कुणाचा न्याय करायला धावू नका, हे पहिले. लहान गावात एका वर्षी दोन मृत्यू वाढले, म्हणून डॉक्टर वाईट ठरत नाही. जो अवघड रोगी घेतो त्याच्याकडे मृत्यू जास्तच दिसतील. आकडा प्रश्न विचारायला लावतो, निकाल देत नाही. तेव्हा प्रश्न विचारू या. डॉक्टरने आपल्याला हात लावून तपासले का? सुई आणि सलाईन कशासाठी, हे विचारले तर तो सांगतो का? तो मागच्या खेपेची नोंद पाहतो का? आणि प्राथमिक आरोग्य केंद्र आपले असेल, तर ग्रामसभेत उभे राहून विचारा: गावात तिशी ओलांडलेली माणसे किती, त्यांतल्या किती जणांचा रक्तदाब मोजला? गेल्या वर्षी किती बाळे जन्मली, किती गेली, आणि का गेली? आशाताईंच्या वहीत यातले पुष्कळ असते. ते फक्त कुणी मोठ्याने वाचलेले नसते.

गुरुजी आणि बाई, हे वाचन तुम्ही करू शकाल. पट आणि हजेरी यांतला फरक गावात तुमच्याइतका कुणाला कळणार? हातगुण असलेल्या डॉक्टरला या हिशेबाची भीती वाटायचे कारण नाही. त्याचे आकडे वाचले, तर गावाचा त्याच्यावरचा विश्वास वाढेलच. आणि ज्या वस्तीतून महिनोन् महिने कुणीच दवाखान्यात आले नाही, तिथे पुढच्या आठवड्यात कुणी जायचे, हे त्याच सभेत ठरवून टाका.