सरकते विद्युत् स्पर्शक : मिश्रधातू
लहान मोटरच्या फिरत्या भागाला घासत वीज पोहोचवणारे भाग, म्हणजे ब्रश. खानदेशातले कूलर आणि विहिरींवरचे पंप बहुधा प्रवर्तन मोटरवर चालतात, त्यांत ब्रश नसतो. जळगाव-धुळ्याच्या रिवाइंडिंगवाल्यांकडे ब्रश झिजून येतो तो मिक्सरचा, ड्रिलचा. ब्रश ज्या फिरत्या भागावर घासतो त्या कम्युटेटरच्या तांब्यात अनेकदा 0.03 ते 0.1 टक्का चांदी मिसळतात. वहनक्षमता जवळपास तेवढीच राहते, पण शुद्ध तांबे ज्या तापमानाला मऊ पडते तिथे हे टिकते. इतक्या अल्प चांदीत एवढा लाभ खरोखर विलक्षण. कार्बन ब्रशमुळे तांब्यावर तपकिरी थर चढतो. तो काळजीने जपावा, विनाकारण पॉलिश पेपरने खरवडू नये. झीज त्या थरानेच कमी होते. सूक्ष्म मोटरांत व्होल्टेज कमी असल्याने ऑक्साइडचा थरही प्रवाह अडवतो, म्हणून तेथे चांदी-पॅलेडियमचे पातळ ब्रश वापरतात.