सज्जा (मराठी वाडावास्तूतील)

सज्जा : इमारतीच्या वरच्या मजल्यावर दर्शनी भिंतीच्या बाहेर काढलेली, खालून तुळयांच्या टोकांनी व कोरीव हस्तांनी तोललेली आणि पुढल्या बाजूस कठड्याने बंदिस्त केलेली बैठक. सरदार-संस्थानिकांच्या वाड्यांत वाऱ्याउजेडासाठी तिचा उपयोग होताच, परंतु धन्याने रयतेला दर्शन द्यावे, मिरवणूक पाहावी आणि देवडीवर आलेल्या मंडळींचा मुजरा स्वीकारावा, हे तिचे मुख्य प्रयोजन असल्यामुळे वाड्याच्या दर्शनी अंगातील सर्वाधिक कलाकुसर याच जागी एकवटलेली आढळते.

पुणे जिल्ह्याच्या भोर-वेल्हे मुलुखात या विषयाचा आरंभ पालीपासून करणे सयुक्तिक होईल. राजगडाच्या पायथ्याशी वसलेल्या या गावाचे नाव गडाच्या ज्या दरवाजाला मिळाले, तो पाली दरवाजा म्हणजे पद्मावती माचीकडे चढून जाणारी प्रशस्त पायऱ्यांची वाट आणि भक्कम दगडी प्रवेशद्वार. शिवाजीमहाराजांच्या राज्याची राजधानी सुमारे पाव शतक याच गडावर होती, आणि माचीवर सदर, राजवाडा व अन्य इमारतींची जोती आजही स्पष्ट ओळखू येतात. परंतु जोत्यावर उभे राहिलेले काष्ठकाम, म्हणजे खांब, तुळया आणि माडीचा सारा साज, काळाने नेला. दगडात बांधलेला दरवाजा तेवढा पूर्ण उरला. सज्ज्याच्या शोभेचा इतिहास लिहिताना हा भेद प्रथम ध्यानात घ्यावा लागतो, कारण ती शोभा मराठी मुलुखात जवळजवळ सर्वस्वी लाकडाची होती. (भोर संस्थानात सुधागड तालुक्यातील, बल्लाळेश्वराची पालीही मोडत असे, प्रस्तुत नोंदीतील पाली ती नव्हे.)

रचनेच्या दृष्टीने सज्जा ही तोलाची करामत आहे. मजल्याच्या तुळया भिंतीच्या बाहेर हातभर किंवा अधिक पुढे काढतात. त्यांच्या आतल्या टोकांवर भिंतीचा व वरच्या मजल्याचा भार येत असल्यामुळे बाहेरचे टोक खाली झुकत नाही, आणि तरीही जो भार उरतो तो तुळईच्या पोटाखाली तिरपा बसवलेला हस्त भिंतीत किंवा खांबात उतरवतो. या हस्तालाच कोरीव कामाचे मुख्य क्षेत्र होण्याचा मान मिळाला, आणि त्याचे कारण मला अगदी स्पष्ट दिसते: सज्जा पाहणारा माणूस नेहमी खाली, चौकात किंवा रस्त्यावर उभा असतो, त्याची नजर वर जाते ती प्रथम तुळईच्या पोटावर आणि हस्ताच्या बाकावर पडते, कठड्याचा वरचा भाग त्याला पुरता दिसतही नाही. धन्याची बैठक वर असली तरी तिचा अलंकार खालच्या माणसासाठी घडवलेला असे.

पेशवाईतील सुतारांनी या जागेसाठी जी आकृती सर्वाधिक पसंत केली ती केळफुलाची. हस्ताच्या किंवा बोदाच्या खालच्या टोकाला अधोमुख लोंबणारे, थरावर थर पाकळ्या असलेले केळफूल. त्याच्या वरच्या अंगास कमळाच्या पाकळ्यांची पट्टी, वेलबुट्टी, क्वचित पक्षी. त्याखाली उभे राहतात ते सुरूचे खांब, तळाशी फुगीर व वर निमुळते होत जाणारे, आणि दोन खांबांमधून फिरणारी बहुदली महिरप. केळफूल घडवणाऱ्या सुताराला लाकडाच्या तंतूंची दिशा आधी पाहावी लागते: तंतू फुलाच्या लांबीने जात असतील तर पाकळीचे टोक पातळ उचलता येते, आडव्या तंतूवर उचललेली पाकळी ऊन-पावसाच्या पहिल्या फेऱ्यांतच फुटून पडते. म्हणून पटाशीचे काम सुरू होण्यापूर्वीच, ओंडक्याची चिराई करताना, कोणता तुकडा हस्तासाठी राखायचा हे ठरून जात असे. लाकूड बहुधा सागवानी. त्यातील नैसर्गिक तेलामुळे वाळवी व दमट हवा यांना ते दाद देत नाही.

या परंपरेचा आज पाहता येण्याजोगा उत्तम दाखला म्हणजे पुण्यातील विश्रामबाग वाडा. दुसऱ्या बाजीरावाने एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात हा वाडा बांधविला. रस्त्यावरून दिसणारा त्याचा कोरीव लाकडी सज्जा हा पेशवाईच्या अखेरच्या काळातील सुतारकामाचा नमुना म्हणून मानला जातो, आणि माझ्या मते तो मान यथार्थ आहे. राज्यकर्त्याच्या कर्तृत्वाला उतरती कळा लागलेली असतानाही कारागिराचा हात उतरलेला नव्हता, याची साक्ष त्या महिरपींत आणि बारीक खांबांत मिळते. पेशवाई बुडाल्यावर १८२१ मध्ये याच वाड्यात संस्कृत पाठशाळा सुरू झाली. १३ मे १८७९ रोजी बुधवार वाडा व विश्रामबाग वाडा यांना आगी लावण्यात आल्या. बुधवार वाडा नष्ट झाला, विश्रामबागेचे मोठे नुकसान झाले, परंतु पुढे त्याची डागडुजी होऊन तो उभा राहिला. शनिवारवाड्याचे भाग्य असे नव्हते. १० जानेवारी १७३० रोजी पायाभरणी झालेली आणि २२ जानेवारी १७३२ रोजी वास्तुशांत झालेली ती इमारत, त्यानंतरच्या पेशव्यांनी वाढवीत नेलेल्या महालांसह, २७ फेब्रुवारी १८२८ रोजी लागलेल्या आगीत भस्मसात झाली. दिल्ली दरवाजावरील नगारखाना, बुरूज, तट आणि जोती एवढीच बाकी राहिली. ज्या महालांची नावे पेशवे दप्तरातून वाचताना मन हुरळते, त्यांच्या सज्ज्यांचे एक केळफूलही आपल्या हाती नाही.

भोर येथील पंतसचिवांच्या राजवाड्याची गोष्ट निराळी. शंकराजी नारायण सचिव यांच्या घराण्याकडे राजगडाचा हा मुलूख होता, आणि संस्थान १९४८ मध्ये विलीन होईपर्यंत पालीची रयत त्यांच्याच अंमलाखाली होती. एकोणिसाव्या शतकात उभारलेल्या या राजवाड्याचा आराखडा मराठी, चौकाभोवती गुंफलेला. दर्शनी अंग मात्र इंग्रजी अमदानीत रुळलेल्या पाश्चात्त्य धाटणीचे. दोन वृत्तींची ही गाठ येथे विसंवादी वाटत नाही, कारण आतल्या चौकातील लाकडी काम आपल्या जुन्याच शिस्तीने चालते आणि नव्या वळणाला ते केवळ शेजार देते. घाटमाथ्याच्या या टापूत मुसळधार पर्जन्य असल्यामुळे उघडे सज्जे मुळातच कमी. पाखे खोल उतरवून वळचणीच्या छायेत सज्जा दडवावा लागे. पालीसारख्या गावांतील सामान्य घरांना तर तो कधी परवडलाच नाही. तेथे बुटक्या ओटीवर उतरलेले छप्पर हेच घराचे मुख.

युरोपात याच प्रयोजनाची परमावधी सिसिलीच्या आग्नेय भागात बारोक शैलीत दिसते. ११ जानेवारी १६९३ च्या भूकंपाने तेथील नगरे उद्ध्वस्त झाली, सुमारे ६०,००० माणसे दगावली, आणि नोतो हे नगर जुन्या जागेपासून दूर नव्याने वसविण्यात आले. सरदार घराण्यांनी मऊ, मधुवर्णी चुनखडीत वाडे उभारले. निकोलाची घराण्याच्या वाड्याच्या सज्ज्यांखालील दगडी हस्तांवर सिंह, घोडे, जलपऱ्या, बालके व श्मश्रुधारी मुखे कोरलेली आहेत, आणि लोखंडी कठडे पोटाशी फुगवलेले आहेत. व्हाल दी नोतोमधील आठ नगरांना २००२ मध्ये जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. तेथेही शिल्प बसले ते हस्तावरच, आणि तेथेही ते खालून जाणाऱ्यासाठी. परंतु नोतोचा कारागीर भार पेलणाऱ्या दगडाला प्राण्याचे किंवा माणसाचे तोंड देऊन तो कष्टत असल्याचे दाखवतो, तर पुण्याचा सुतार त्याच भाराला फुलात विरघळवून नाहीसा करतो. मला दुसरी रीत अधिक नाजूक वाटते, पहिली अधिक जोरकस.

मराठी भाषकांच्या प्रदेशाला बारोकचा प्रत्यक्ष स्पर्श झाला तो गोव्यात. चांदोर येथील मिनेझिस ब्रागांझा घराण्याचे घर किंवा केपे येथील अठराव्या शतकातील डीनचा वाडा यांत दर्शनी खिडक्यांच्या लांब ओळींना जी राजस शोभा आहे, तिच्या मुळाशी पोर्तुगीज वळण आहे. तथापि गोवेकर घराची खरी सामाजिक बैठक म्हणजे दाराशी असलेला जमिनीवरचा बालकांव, आणि तो सज्ज्याहून वेगळा; त्यावर बसलेला यजमान रस्त्याने जाणाऱ्याशी बरोबरीच्या उंचीवरून बोलतो.

जीर्णोद्धारात सर्वाधिक हानी होते ती हस्तांचीच. तुळईचे भिंतीतले टोक ओलाव्याने आधी कुजते, भार हस्तावर सरकतो, तो कोनात फिरतो व केळफुलाचा दांडा उभा चिरतो. दुरुस्ती करणारा बहुधा चिरलेला हस्त काढून नवा बसवितो, आणि मूळ कारण भिंतीत तसेच राहते. जाणते सुतार तुळईचे कुजलेले टोक तेवढे कापून तेथे नव्या सागवानाचा सांधा भरतात, भार जागेवर आणतात, आणि जुना हस्त फाचरांनी घट्ट करून पुन्हा त्याच खाचेत बसवितात.