वेठीपासून वेतनापर्यंत

श्रमाचा मोबदला ही देणाऱ्याची कृपा की श्रमिकाचा हक्क? या प्रश्नाचे उत्तर वऱ्हाडच्या गावगाड्याने फार पूर्वीच देणाऱ्याच्या बाजूने देऊन टाकले होते. लोणारच्या खाऱ्या सरोवरातून साबण व काच यांसाठी लागणारी द्रव्ये निघत व त्यांपासून मोठा महसूल मिळे, अशी नोंद ‘ऐन-इ-अकबरी’त आहे. तो खार उपसणाऱ्या हातांच्या मजुरीविषयी तेथे अवाक्षर नाही. पुढे खळ्यावर महाराला मिळणारे बलुते नावाने हक्कच होते. परंतु माप देणाऱ्याच्या हाती असे, आणि वेठ नाकारण्याची सोय नसे.

तथागतांची भूमिका याहून वेगळी होती. दीघनिकायातील सिगालोवाद सुत्तात धन्याची पाच कर्तव्ये सांगितली आहेत : शक्तीनुसार काम देणे, अन्न व वेतन देणे, आजारपणी शुश्रूषा करणे, मिष्टान्नात वाटा देणे आणि योग्य वेळी सुटी देणे. वेतन येथे दान नसून कर्तव्य आहे.

या नीतीला कायद्याचे बळ हवे होते. १९४२ साली व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री झालेल्या बाबासाहेबांनी ११ एप्रिल १९४६ रोजी मध्यवर्ती विधिमंडळात किमान वेतन विधेयक मांडले. त्याचा कायदा १९४८ साली झाला. शेतीचा समावेश त्याच्या अनुसूचीच्या दुसऱ्या भागात होता. दर ठरविण्याचे काम प्रामुख्याने राज्यांकडे होते. महाराष्ट्रात शेतमजुरांना किमान वेतन लागू होण्यास १९७० चे दशक उजाडावे लागले.

कायद्याचे मर्म एका तरतुदीत आहे. किमान दरापेक्षा कमी मजुरी मजुराने स्वतः कबूल केली, तरी तो करार निरर्थक ठरतो. कारण ती संमती बहुधा भुकेने घेतलेली असते. १९८२ साली एशियाडच्या बांधकाम मजुरांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हेच तत्त्व मान्य केले : किमान वेतनाहून कमी मोबदल्यावर काम करून घेणे ही संविधानाच्या अनुच्छेद २३ ने निषिद्ध केलेली सक्तीची मजुरीच होय. वेठ काठीच्या धाकानेच होते असे नाही. दारिद्र्याच्या धाकानेही होते.

१९४८ चा कायदा आता २०१९ च्या वेतन संहितेत विलीन झाला असून ती २१ नोव्हेंबर २०२५ पासून अंमलात आली आहे. मागणी अर्जाची मुदत पूर्वी सहा महिने होती, ती आता तीन वर्षे आहे. थकलेल्या वेतनाखेरीज दहापटीपर्यंत भरपाई देण्याचा अधिकार प्राधिकाऱ्यास आहे. वेतन दिले हे सिद्ध करण्याचा भार मालकावर आहे.

तथापि लोणारसारख्या कोरडवाहू तालुक्यात सोयाबीनची सोंगणी वा कापसाची वेचणी करणाऱ्या स्त्रीपर्यंत हे पोहोचते काय? तिच्या हाती हजेरीचा कागद नसतो, आणि दर बांधावर ठरतो. लहान शेतकऱ्याची अडचणही खरी आहे. पण तिचा भार सर्वांत दुर्बल खांद्यावर टाकणे हा न्याय नव्हे. म्हणून विहारातील साप्ताहिक वंदनेनंतर चालू किमान दर मोठ्याने वाचून दाखविला जावा आणि दिवसांची नोंद ठेवण्याची सवय लावली जावी. ज्या हक्काची माहितीच नाही, त्याची मागणी कोणी करीत नाही. आणि मागणीवाचून कायदा कागदावरच राहतो.