वाघांची मोजदाद

चंद्रपुराहून गडचिरोलीकडे जाणाऱ्या सडकेवर मूल हें गांव लागतें. भोंवतीं भाताचीं शेतें आणि शेतांपलीकडे साग-बांबूचें रान. उन्हाळ्यांत येथील बायाबापडे पहाटेसच तेंदूपत्ता तोडावयास निघतात. अशांस रानांत वाघ किती, हा प्रश्न केवळ जिज्ञासेचा राहत नाहीं. मे २०२५ मध्यें शेजारच्या सिंदेवाही तालुक्यांत पत्ता तोडावयास गेलेल्या तीन बाया एकाच दिवशीं वाघाच्या हल्ल्यांत मरण पावल्या. त्या प्रश्नाचें उत्तर शोधण्याची रीत कशी पालटत गेली, तें आम्ही येथें पाहणार आहोंत.

जवळचें ताडोबाचें रान १९५५ सालीं राष्ट्रीय उद्यान झालें आणि १९९५ सालीं अंधारी अभयारण्यासह व्याघ्रप्रकल्प बनलें. त्या काळीं देशभर वाघ मोजीत ते पावलांच्या ठशांवरून. ओडिशांतील वनाधिकारी सरोजराज चौधरी यांनीं १९६६ सालीं ही पद्धत बसविली. ठशावर कांच धरून त्याची आकृति रेखाटावयाची आणि आकृतींवरून वाघ ओळखावयाचे. रानांत हिंडणाऱ्या माणसांची दृष्टि तीक्ष्ण असते, ह्यांत संशय नाहीं. परंतु एकच पाय चिखलांत एक ठसा उमटवितो आणि वाळूंत दुसरा. शिवाय प्रत्येक वाघाचा ठसा हातीं लागलाच, असें ह्या रीतींत गृहीत धरलेलें असे. न दिसलेल्या वाघांसाठीं वहींत रकानाच नव्हता. ह्या चुकीचें फळ राजस्थानांत दिसलें. सरिस्क्याच्या कागदोपत्रीं डझनाहून अधिक वाघ नांदत होते. २००५ सालीं पाहतां तेथें एकही उरला नव्हता.

न दिसलेल्यांचा हिशेब करण्याची विद्या मात्र जुनीच होती. फ्रान्समध्यें लाप्लास ह्या गणितज्ञानें १८०२ च्या सुमारास कांहीं भागांतील माणसें मोजून, जन्मनोंदींच्या आधारें साऱ्या देशाची लोकसंख्या अजमावली. डेन्मार्कच्या पीटरसननें १८९६ सालीं खुणा केलेले मासे पुन्हां पाण्यांत सोडून तोच विचार पुढें नेला. ह्यांतील मर्म घरच्या मुलासही कळेल. समजा, एका रानांत पहिल्या खेपेस २० निरनिराळे वाघ छायाचित्रांत आले. दुसऱ्या खेपेस १५ आले आणि त्यांत १० पूर्वींचेच निघाले. म्हणजे दुसऱ्या खेपेच्या वाघांपैकीं दोन-तृतीयांश ओळखीचे. तेव्हां पहिले २० हेही एकूण वाघांच्या दोन-तृतीयांशच असले पाहिजेत. एकूण वाघ सुमारें ३०. वाघाच्या अंगावरील पट्टे माणसाच्या बोटांच्या ठशांप्रमाणें प्रत्येकाचे वेगळे असतात, म्हणून खूण करण्याचेंही कारण नाहीं. कर्नाटकांत नागरहोळ्याच्या रानांत उल्हास कारंथ यांनीं १९९० नंतरच्या दशकांत ही रीत रुजविली. २००६ पासून देशव्यापी गणनेंतही तिचा आधार घेतला जाऊं लागला.

२०२२ च्या गणनेंत भारतांतील वाघ सरासरी ३६८२ आणि फार तर ३९२५ असल्याचा अंदाज निघाला. पैकीं महाराष्ट्राचे ४४४. एक आंकडा ठासून सांगण्याऐवजीं आपल्या अज्ञानाची मर्यादाही सांगावी, हा नव्या रीतीचा खरा गुण होय. जुन्या वहींत नसलेला रकाना गणितानें भरून काढला.

तथापि एक उणीव आम्हांस जाणवते. वयांत आलेला वाघ आईपासून वेगळा होऊन नवें रान शोधूं लागतो, आणि उद्यानाची सीमा त्याला ठाऊक नसते. तो मूल, सिंदेवाही, ब्रह्मपुरीच्या गांवरानांत उतरतो. तेथें वाघ किती, एवढें कळून भागत नाहीं. तो कोणत्या ऋतूंत कोणत्या नाल्याकांठीं असतो आणि पत्ता तोडणारी बाई कोणत्या वाटेनें जाते, हीं दोन्हीं एकाच नकाशावर मांडलीं पाहिजेत. वाघ मोजणारी विद्या एवढी पुढें आली आहे कीं, हें तिच्या आवांक्याबाहेरचें नाहीं. सकाळीं रानांत गेलेली बाई दुपारीं घरीं परतेल कीं नाहीं, ह्यासाठींही त्या वहींत एक रकाना असावा, एवढेंच आमचें मागणें आहे.