द्रोणाचार्याची मिटलेली मूठ आणि आपले प्रशिक्षक

उत्कृष्ट क्रीडा प्रशिक्षकाला भारत सरकार १९८५ पासून जो पुरस्कार देते, त्याचे नाव द्रोणाचार्य. खो-खोच्या राष्ट्रीय स्पर्धेत सर्वोत्तम पुरुष खेळाडूला जो पुरस्कार मिळतो, त्याचे नाव एकलव्य. ही दोन नावे शेजारी ठेवून वाचा. शिकवणाऱ्याला अंगठा मागणाऱ्याचे नाव आणि खेळणाऱ्याला अंगठा गमावणाऱ्याचे! नावे देणाऱ्यांच्या मनात हे आलेही नसेल. पण इतक्या वर्षांत कोणाला ते खटकले नाही, हीच खरी बातमी आहे.

एकलव्याची कथा आपण नेहमी अन्यायाची कथा म्हणून सांगतो. ती प्रशिक्षकाची कथा म्हणूनही वाचली पाहिजे. द्रोणाने एकलव्याला धनुर्विद्या येत नाही असे म्हटले नाही. उलट ती फार चांगली येते हे पाहिल्यावरच अंगठा मागितला. अर्जुनाला दिलेले पहिल्या क्रमांकाचे वचन मोडू नये, एवढेच कारण. म्हणजे प्रश्न गुणवत्तेचा नव्हताच. विद्या कोणाच्या हाती जावी आणि कोणाच्या हाती जाऊ नये, हा होता. ‘ज्याच्यात दम आहे तो पुढे येईलच’ असे जे आपल्याला ऐकवतात, त्यांनी ही कथा पुन्हा वाचावी. एकलव्यात दम होता, म्हणूनच त्याचा अंगठा गेला.

या लेखात आम्हाला एवढेच मांडायचे आहे: आपल्या समाजाने खेळाडू दिले, अजूनही देतो. पण खेळाडू एका पिढीत संपतो. प्रशिक्षक पिढ्या घडवतो. जोवर शिकवणारा आपला नाही, किंवा निदान मूठ उघडी ठेवून शिकवणारा नाही, तोवर आपला प्रत्येक खेळाडू एकलव्यासारखा एकटाच राहणार.

जुन्नरच्या डोंगरातली दुसरी परंपरा

द्रोणाचार्याला पर्याय शोधायला आपल्याला लांब जायला नको. जुन्नरभोवतीच्या डोंगरांत, लेण्याद्री, तुळजा, शिवनेरी, मानमोडी येथे, शंभराहून अधिक बौद्ध लेणी कोरलेली आहेत. लेण्याद्रीच्या एका विहारात आज गणपती बसवलेला आहे, म्हणून विहाराचा इतिहास पुसला जात नाही. इथल्या शिलालेखांत राजांबरोबर कारागिरांच्या श्रेणीही भेटतात. बांबूकाम करणारे, कासार, धान्याचे व्यापारी. हाताने काम करणाऱ्यांचे नाव दगडात कोरले गेले, कारण त्या धम्माने हाताच्या कामाला विटाळ मानला नव्हता.

याच धम्मात आचार्याबद्दल एक महत्त्वाचा विचार आहे. महापरिनिब्बान सुत्तात शेवटच्या दिवसांत तथागत आनंदाला सांगतात की, आतल्यांसाठी एक आणि बाहेरच्यांसाठी दुसरा असा भेद न करता त्यांनी धम्म शिकवला, आणि काही राखून ठेवणारी ‘आचार्यमुष्टी’ त्यांच्याजवळ नाही. मित्रांनो, ‘आचार्यमुष्टी’ हा शब्द लक्षात ठेवा. गुरूची मिटलेली मूठ. शेवटची युक्ती आपल्यापाशी ठेवायची, आवडत्या शिष्यालाच द्यायची, खालच्याला द्यायचीच नाही, ही द्रोणाची रीत. बुद्धाची रीत उघड्या हाताची. प्रशिक्षकाचे तत्त्वज्ञान म्हणून जे काही असते, ते शेवटी या दोन हातांपैकी कोणता तरी एक असते.

पुण्यातला गोलंदाज, ज्याला कोणी शिकवले नाही

आता आपल्याच जिल्ह्याचा इतिहास पाहू. पळवणकर बाळू हे चर्मकार समाजातले. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पुण्यात पारशांच्या क्लबवर खेळपट्टी झाडण्या-लाटण्याचे काम ते महिना तीन रुपयांवर करत. १८९२ च्या सुमारास ते गोऱ्यांच्या पूना क्लबवर गेले, पगार चार रुपये. तिथे जाळीत इंग्रज फलंदाजांना तासन् तास चेंडू टाकणे हेही त्यांचे काम झाले. जे. जी. ग्रेग हा नामांकित फलंदाज त्यांच्या गोलंदाजीवर सराव करत असे. ग्रेगला बाद केले की बाळूंना आठ आणे मिळत, असे सांगितले जाते.

याकडे नीट पाहा. ग्रेगचा सराव झाला, ग्रेगची फलंदाजी सुधारली. बाळूंच्या हाती मात्र त्या जाळीत कोणी बॅट दिली नाही. घाम एकाचा आणि प्रशिक्षण दुसऱ्याचे! समाजशास्त्रात ज्याला सांस्कृतिक भांडवल म्हणतात, ते असे जमा होते. आपल्या श्रमावर, दुसऱ्याच्या खात्यात.

पुढे पुण्यातल्या हिंदू संघाला युरोपियनांना हरवायचे होते, तेव्हा बाळू हवेसे झाले. मैदानात त्यांनी टाकलेला चेंडू सगळ्यांच्या हातातून फिरे, चहा मात्र त्यांना बाहेर, वेगळ्या मातीच्या भांड्यात. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यावर त्यांनी शंभराहून अधिक बळी घेतले. तरी हिंदू संघाचे कर्णधारपद त्यांना मिळाले नाही. ते त्यांचे धाकटे बंधू विठ्ठल यांना मिळायला १९२३ साल उजाडावे लागले.

बाळूंनी १९३७ ची निवडणूक काँग्रेसतर्फे बाबासाहेबांविरुद्ध लढवली आणि ते हरले. राजकारणात ते आपल्या बाजूचे नव्हते, हे आपण लपवत नाही. पण त्यांच्या वाट्याला आलेला इतिहास आपलाच आहे. गोलंदाज म्हणून व्यवस्थेला ते हवे होते. नेतृत्व आणि ज्ञान यांच्या दारात मात्र त्यांना थांबवले गेले.

बास्केटबॉल आणि रिकामा केलेला तलाव

असेच दार दुसऱ्या एका देशात कसे उघडले गेले, ते पाहण्यासारखे आहे. अमेरिकेतील निग्रोंच्या प्रश्नाचा बाबासाहेबांनी अभ्यास केला होता, १९४६ मध्ये त्यांनी ड्यु बॉय यांना पत्रही लिहिले होते. त्याच समाजातल्या दोन बास्केटबॉल प्रशिक्षकांची ही गोष्ट आहे.

बास्केटबॉल हा खेळ जेम्स नेस्मिथ यांनी डिसेंबर १८९१ मध्ये स्प्रिंगफील्डच्या वायएमसीए प्रशिक्षण शाळेत शोधला. पहिली बास्केट म्हणजे फळांच्या टोपल्या होत्या. खेळ साधा, जागा थोडी. पण वायएमसीएच्या इमारती गोऱ्यांच्या होत्या आणि काळ्यांना तिथे प्रवेश नव्हता.

एडविन हेंडरसन हे वॉशिंग्टनमधले काळे शिक्षक. १९०४ च्या उन्हाळ्यात ते हार्वर्डला शारीरिक शिक्षणाच्या वर्गाला गेले आणि तिथे हा खेळ शिकले. परत आल्यावर त्यांनी तो काळ्या मुलांच्या वेगळ्या शाळांत नेला, १९०६ मध्ये शाळाशाळांची संघटना उभी केली, स्पर्धा लावल्या, पंच तयार केले. गोऱ्यांच्या वायएमसीएत सामना पाहायला गेले असता त्यांना बाहेर काढण्यात आले होते. त्यांनी तिथे पुन्हा विनवणी केली नाही, आपली मैदाने उभारली. पुढे नागरी हक्कांच्या चळवळीतही ते आयुष्यभर राहिले. त्यांच्यासाठी क्रीडांगण आणि चळवळ या दोन वेगळ्या गोष्टी नव्हत्या.

दुसरे जॉन मॅकलेंडन. १९३३ मध्ये ते कॅन्सस विद्यापीठात शारीरिक शिक्षण शिकायला गेले. तिथे नेस्मिथ स्वतः अध्यापक होते. खेळाचा जनकच मार्गदर्शक, पण विद्यापीठाच्या संघात काळ्या विद्यार्थ्याला जागा नव्हती. मॅकलेंडन पोहण्याच्या तलावात उतरले, तेव्हा नंतर तलावाचे पाणी काढून टाकले गेले. हे वाचताना महाडचे चवदार तळे आठवले नाही, असा आपल्यातला कोण असेल? १९२७ मध्ये आपण पाणी प्यालो, तर शेण-गोमूत्राचे घडे ओतून तळे ‘शुद्ध’ केले होते. दोन देश, दोन तळी, रोग एकच.

फरक एका ठिकाणी आहे. नेस्मिथ यांनी मूठ मिटली नाही. संघात घेणे त्यांच्या हाती नसले तरी जे ज्ञान त्यांच्यापाशी होते, ते त्यांनी दिले. मॅकलेंडन खेळाडू होऊ शकले नाहीत, ते प्रशिक्षक झाले आणि त्यांनी खेळच बदलला. संथ खेळाच्या काळात त्यांनी आपल्या पोरांना सतत धावायला लावले. चेंडू हाती येताच वेगवान हल्ला, आणि समोरच्यावर पूर्ण मैदानभर दबाव. १२ मार्च १९४४, रविवार सकाळ. डरहॅम गावात लोक चर्चमध्ये असताना त्यांच्या काळ्या महाविद्यालयाच्या संघाने ड्यूकच्या वैद्यकीय विद्यार्थ्यांच्या गोऱ्या संघाशी बंद दाराआड सामना खेळला. असा सामना तिथे निषिद्ध होता. ८८-४४ असा तो मॅकलेंडन यांच्या संघाने जिंकला. मग दोन्ही संघ मिसळून पुन्हा खेळले. १९५७, १९५८ आणि १९५९ अशी सलग तीन वर्षे त्यांच्या टेनेसीच्या संघाने एनएआयएचे राष्ट्रीय विजेतेपद घेतले.

मॅकलेंडन एकटे मोठे झाले असते तर तेही दुसरे बाळूच ठरले असते. ते शिकवणारे झाले, म्हणून त्यांच्यामागे रांग लागली.

बाबासाहेबांचा हॉकी क्लब

‘पोटाचा प्रश्न असताना खेळ कसला?’ असे आपल्यातलेच काही ज्येष्ठ म्हणतात. त्यांच्याबद्दल आदर ठेवून आम्ही एक आठवण करून देतो. २० जुलै १९२४ रोजी बाबासाहेबांनी बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन केली. या सभेच्या कामांत सोलापूरचे वसतिगृह होते, मोफत वाचनालय होते, आणि मुंबईत ‘महार हॉकी क्लब’ही होता. जुगार, दारू यांपासून तरुण दूर राहावा, त्याचा मोकळा वेळ चांगल्या कामी लागावा, हा हेतू. पोटाचा प्रश्न तेव्हा आजच्यापेक्षा हजारपट भयंकर होता. तरी बाबासाहेबांना वाचनालयाशेजारी मैदान हवे वाटले. हे आपण विसरलो.

हाच धागा आपल्या काळात नागपूरला दिसतो. हिस्लॉप महाविद्यालयातले क्रीडाशिक्षक विजय बारसे यांनी २००१ मध्ये झोपडपट्टीतली पोरे पावसात फुटकी बादली लाथाडत खेळताना पाहिली आणि त्यांच्या हाती फुटबॉल दिला. त्यातून ‘स्लम सॉकर’ उभे राहिले. नागराज मंजुळे यांचा २०२२ चा ‘झुंड’ त्यावरच आहे. चित्रपट पाहून आपण टाळ्या वाजवल्या. पण त्या कामातली आम्हाला सर्वांत मोलाची वाटणारी गोष्ट ही, की तिथे खेळलेली मुले-मुली पुढे स्वतः प्रशिक्षक होतात. मूठ उघडी असल्याची खूण हीच.

आपले दोन तालुके

आता जुन्नर-आंबेगावकडे या. पश्चिम पट्ट्यात महादेव कोळी, ठाकर, कातकरी समाजाच्या वाड्या आणि घोडेगावच्या आदिवासी विकास प्रकल्पाखालच्या आश्रमशाळा. पूर्वेला बागायती गावे आणि त्यांच्या कडेला आपल्या वस्त्या. पहाटे रस्त्याने पोरे-पोरी धावताना दिसतात. ती ऑलिंपिकसाठी धावत नाहीत, पोलीस भरतीसाठी धावतात. कोणी मोबाईलवरचे व्हिडिओ पाहून तयारी करते, कोणी कर्ज काढून भरतीच्या अकॅडमीत जाते. डोंगर चढून वाढलेल्या या पायांत दम कमी नाही. कमी आहे तो धाव कशी मोजावी, दुखापत कशी टाळावी, कोणता अर्ज कधी भरावा हे सांगणारा माणूस.

कबड्डी, खो-खो हे मातीतले खेळ. पण खो-खोचे नियम १९१४ मध्ये पुण्याच्या डेक्कन जिमखान्यावर लिहिले गेले. माती आपली, नियमाची वही दुसऱ्याची. आजही पंच कोण, निवड समितीत कोण, प्रमाणपत्रावर सही कोणाची, हे विचारून पाहा. खेळाडूंसाठी सरकारी नोकरीत ५ टक्के आरक्षण आहे. त्यासाठी लागणारे प्रमाणपत्र कोणत्या स्पर्धेतून मिळते, हे वाडीतल्या पोरीला वेळेवर कोण सांगते?

म्हणून आमचे म्हणणे तीन गोष्टींचे आहे.

एक, प्रत्येक वस्तीने, प्रत्येक वाडीने एक मुलगा आणि एक मुलगी प्रशिक्षक होण्यासाठी निवडावी. बी.पी.एड. करावे, पतियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेचा सहा आठवड्यांचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम करावा, पंच परीक्षा द्यावी. १४ एप्रिलच्या वर्गणीतून डीजेचा एक दिवस कमी केला तरी याची सुरुवात होते. मुलगी हा शब्द आम्ही मुद्दाम वापरला. जिथे शिकवणारी बाई असते, तिथे आई-बाप मुलीला संध्याकाळी मैदानावर पाठवतात.

दोन, ग्रामपंचायतीच्या १५ टक्के मागासवर्गीय निधीचा हिशेब ग्रामसभेत मागा. त्यातून मैदान आणि खेळाचे साहित्य का होत नाही, हे लेखी विचारा.

तीन, जो आपल्यातला शिकला, त्याने मूठ मिटायची नाही. आपलाच प्रशिक्षक आपल्याच भावकीतल्या पोरांना पुढे करू लागला, कातकरी पोराला बाकावर बसवू लागला, तर तोही द्रोणाचार्यच. निळा झेंडा खांद्यावर असल्याने माणूस आपोआप बुद्धाच्या बाजूचा होत नाही. विहाराशेजारच्या मैदानावर कोणत्याही जातीचे पोर आले, तरी त्याला तोच चेंडू, तीच युक्ती, तेच पाणी मिळाले पाहिजे.

पुरस्काराचे नाव बदला, ही मागणी करायला आमची हरकत नाही. पण नाव बदलले आणि मूठ तशीच राहिली तर काय उपयोग? आपल्या तालुक्यात उघड्या हाताचे दहा प्रशिक्षक उभे राहिले, तर पुढच्या एकलव्याला जंगलात मातीच्या पुतळ्यापुढे एकट्याने सराव करावा लागणार नाही.

जयभीम! नमो बुद्धाय!